ओढ्याचं पाणी पळालं!

"धरा! धरा! तंबू पळाला!"

स्ट्रुअन ओरडला तोवर तंबू खरंच पळाला होता. वाऱ्यानं एक हिसका दिला, खुंट्या पटापट उपटल्या आणि तो भलामोठा तंबू पोट फुगवून कुरणावरून गडगडत निघाला. पुढं तंबू, त्याच्यामागं बाबा, बाबांच्या मागं एली, तिच्यामागं तिचा मावसभाऊ फर्गस आणि सगळ्यांच्या मागं एकाच पायात बूट घातलेला तिचा आठ वर्षांचा भाऊ स्ट्रुअन. मेंढ्या चरायचं सोडून ही शर्यत बघत उभ्या राहिल्या.

तंबू दगडी कुंपणावर जाऊन आपटला. कडाड! दोन काठ्या मोडल्या. आणि जणू त्याचीच वाट पाहत असल्यासारखा पाऊस सुरू झाला.

"छान!" फर्गस म्हणाला. तो तेरा वर्षांचा होता आणि प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोललंच पाहिजे असं त्याला वाटायचं. "आता आपण मेंढ्यांच्या पोटाखाली झोपू. गरम तरी असतात."

एलीला हसू आलं नाही. ती गाडीकडं बघत होती. गाडीच्या काचेमागं आई शाल गुंडाळून बसली होती. सगळा हिवाळा आईनं अंथरुणात काढला होता. 'उन्हाळ्यात डोंगरात जाऊ, तंबूत राहू, ओढ्यात पाय सोडून बसू,' एवढंच ती घोकत राहिली होती. आणि पहिल्याच संध्याकाळी हे असं! आता बाबा गाडी वळवणार आणि सगळे घरी परत जाणार, अशी एलीची खात्रीच झाली.

तेवढ्यात उतारावरच्या पांढऱ्या घराचं दार उघडलं. अंगात मेणकापडाचा कोट, डोक्याला घट्ट रुमाल आणि बरोबर काळापांढरा कुत्रा अशा मिसेस मन्रो तरातरा खाली आल्या. हे कुरण त्यांचंच. मेंढ्याही त्यांच्याच.

"बघत काय उभे राहिलात?" त्या म्हणाल्या. "चुलीवर सूप आहे. आधी पोरांच्या आईला आत आणा. तंबूचं मग बघू. तो काही आणखी पळत नाही आता."

त्या संध्याकाळी मिसेस मन्रोंच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या दोरीला पाच जणांचे मोजे वाळत होते. बार्लीचं दाट सूप होतं, ओटच्या पिठाच्या छोट्या कुरकुरीत भाकऱ्या आणि चीज होतं. आईला त्यांनी चुलीजवळची स्वतःची खुर्ची दिली आणि झोपायला स्वतःची खोली.

"आम्ही तुमचे फार फार—" बाबा बोलू लागले.

"सूप निवतंय," मिसेस मन्रो म्हणाल्या.

जेवताना त्यांनी पोरांना एकच ताकीद दिली. "ओढ्यात खुशाल खेळा. पण पुलाच्या खाली, खडकाच्या वळणाला काळे शिंपले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. त्यातले काही माझ्यापेक्षा म्हातारे आहेत."

"तुमच्यापेक्षा?" स्ट्रुअनचे डोळे विस्फारले. "एवढे म्हातारे?"

एलीनं टेबलाखालून त्याला लाथ मारली. मिसेस मन्रो मात्र हसल्या. "एवढे! पूर्वी मोत्याच्या लोभानं लोकांनी शेकडो शिंपले फोडून टाकले. शंभर फोडावे तेव्हा कुठं एखादा मोती. म्हणून आता ते फार थोड्या ओढ्यांत उरलेत. ते एका जागी रुतून बसतात, पाणी गाळत. पाणी वाहतंय तोवर ते आहेत."

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखं लख्ख होतं. बाबा तंबूच्या नव्या काठ्या आणायला गावात गेले. मिसेस मन्रो कुत्र्याला घेऊन डोंगरावर मेंढ्या बघायला गेल्या. आई ओढ्याकाठी घडीच्या खुर्चीवर बसली, पाय पाण्यात सोडून. तिच्या चेहऱ्याकडं बघून एलीला इतकं बरं वाटलं, की तिनं फर्गसला नावांच्या शर्यतीत पहिली निघायची संधीही देऊन टाकली.

नावा म्हणजे काटक्याच. पुलावरून सोडायच्या आणि वळणापर्यंत कुणाची आधी पोचते ते बघायचं.

"माझी पुढं! माझी पुढं!" स्ट्रुअन नाचत होता. आणि एकदम थांबला. "अरे! माझी बसली!"

"बुडली म्हण," फर्गस म्हणाला.

"बुडली नाही, बसली! दगडावर बसली!"

खरंच, काटकी दगडावर कोरडी पडली होती. फर्गसची नाव त्याच्यामागं अडकली. एलीची तर पुलाखालून बाहेरच आली नाही.

"हे काय?" एली वाकून बघू लागली. "काल एवढा पाऊस झाला. ओढा फुगायला हवा. हा तर आटतोय!"

"ए एली," आईनं हाक मारली. "माझे पाय बघ. मघाशी घोट्यापर्यंत पाणी होतं."

आता आईचे पाय ओल्या वाळूवर होते.

एली एकदम ओरडली, "शिंपले!"

ती धावत वळणाला गेली. सकाळच्या खळाळत्या पाण्याच्या जागी आता एक लहानसं डबकं आणि लकाकणारे गोटे राहिले होते. गोट्यांच्या मधे वाळूत उभे रुतलेले काळे शिंपले, एकाला एक खेटून, उन्हात उघडे पडले होते. घट्ट मिटलेले!

"उचलून डबक्यात टाकू या!" स्ट्रुअन म्हणाला.

"नाही! हात लावायचा नाही," एली म्हणाली. डोकं भराभर चालायला लागलं. "मिसेस मन्रोंच्या गोठ्यात लोकरीची रिकामी पोती आहेत. ती भिजवून वरून अंथरायची. आणि ओली ठेवायची."

"ते मी आणि स्ट्रुअन करतो," मागून आई म्हणाली. ती केव्हा उठून आली ते कुणाला कळलंच नाही.

"आई, तू? डॉक्टरांनी सांगितलंय ना—"

"सावकाश चालायला सांगितलंय. मी बादली सावकाश भरीन. तुम्ही दोघं वर जा आणि पाणी कुठं अडलंय ते बघा. ओढ्याचा काठ सोडू नका. कुणी भेटलं तर नीट बोला. फर्गस, विशेषतः तू!"

एली आणि फर्गस हेदरच्या झुडपांतून, दगडांवरून उड्या मारत वर निघाले. जसजसे वर जात होते तसतसा ओढा आणखीच कोरडा होत होता. आणि मग वाऱ्याबरोबर धडाम धडाम गाण्याचा आवाज आला.

"डोंगराला हृदयविकार झाला वाटतं," फर्गस पुटपुटला.

एका टेकाडाला वळसा घातला आणि सगळा उलगडा झाला! ओढ्याच्या अरुंद जागी कुणीतरी दगडांची भिंत रचली होती, तिला निळी ताडपत्री लावली होती, आणि मागं झकास पोहण्याचं तळं तयार झालं होतं. तळ्यात दोन पुरुष आणि एक बाई मजेत डुंबत होते. थंड राहावीत म्हणून डबे-बाटल्या पाण्यात सोडल्या होत्या. भरलेलं तळं डाव्या काठावरून सांडत होतं, आणि ते पाणी ओढ्यात परत न येता एका जुन्या चरात उतरून टेकाडामागं पळत होतं.

एलीनं श्वास घेतला आणि पुढं झाली. "अहो, ऐकता का? तुमच्या या भिंतीमुळं खाली ओढा कोरडा पडलाय. तिथले शिंपले मरतील. कृपा करून भिंत काढता का?"

लाल टोपीवाला धिप्पाड माणूस हसला. "शिंपले? आम्ही नाही बोलावलं त्यांना! ग्रेग, तू बोलावलंस?" त्यानं मस्करीत स्वतःलाच विचारलं.

"ग्रेग तर तूच आहेस," ती बाई खिदळली.

"अरे हो! तर पोरी," ग्रेग म्हणाला, "सकाळपासून दगड वाहून पाठ मोडलीय आमची. संध्याकाळपर्यंत डुंबणार, मग बघू. शिंपल्यांना सांग, जरा दम धरा!"

"पण संध्याकाळपर्यंत—"

"जा, जा. खेळा जा."

लालबुंद कान घेऊन दोघं टेकाडाआड आले. "दम धरा म्हणे!" फर्गस दात खात होता. "रात्री... नाही, आत्ताच त्यांचे कपडे पळवू या!"

"त्यानं काय पाणी येणार आहे? थांब. हा चर कुठं जातो?"

चराच्या कडेनं दोघं टेकाडामागं गेले आणि जागीच थबकले.

तिथं एक हिरवंगार सपाट मैदान होतं. इतकं हिरवं, की डोंगरात राहणारं कुणीही त्यावर पाय ठेवणार नाही. कारण असा हिरवा रंग म्हणजे वर शेवाळ आणि खाली दलदल! आणि त्याच्या बरोबर मधोमध एक नवीकोरी पांढरी मोटारव्हॅन उभी होती. चराचं पाणी थेट तिच्याखाली पसरत होतं. मागची चाकं निम्मी बुडाली होती. बघता बघता एक बुडबुडा आला, 'गुळ्ळुक' असा आवाज झाला आणि व्हॅन आणखी थोडी बसली.

फर्गस तोंडावर हात दाबून हसत सुटला. "स्वतःच्याच गाडीखाली! आपण काही बोलायचंच नाही. चांगली अद्दल घडेल!"

"आणि शिंपल्यांचं काय?"

"मग सांगू या. धावत येऊन लाथेनं भिंत पाडतील."

"तेच तर नको!" एली म्हणाली. "एवढं तळं एकदम सुटलं तर लोंढ्यात शिंपले उखडून वाहून जातील. आई आणि स्ट्रुअनही तिथंच आहेत. हळूहळू सोडायला हवं." ती ओठ चावत उभी राहिली. मग तिचे डोळे चमकले. "फर्गस, तू फक्त एक कर. गप्प राहा."

"हे फार अवघड काम सांगतेस तू!"

दोघं परत तळ्याशी आले.

"पुन्हा आलात?" ग्रेग कुरकुरला.

"एकच विचारायचंय," एली गोड आवाजात म्हणाली. "या भिंतीमुळं शिंपल्यांचं नुकसान झालं तर तुम्हाला काही वाटत नाही. पण समजा, तुमचंच झालं तर?"

"आमचं?" ग्रेग खो खो हसला. "आमचं झालं तर या हातांनी एकेक दगड उचलून ठेवीन!"

"एकेक? मी सांगेन तसा? सावकाश?"

"गोगलगायीसारखा! शब्द देतो. हे घे, हातावर हात!"

ओला पंजा पुढं आला. एलीनं तो गंभीरपणे हलवला. "तुम्ही दोघांनी ऐकलंत ना?" तिनं बाकीच्यांना विचारलं. दोघांनी हसत माना डोलावल्या.

"मग आता," एली म्हणाली, "जरा तुमची गाडी बघून या."

ग्रेग गेला तो डुलत डुलत, आला तो किंचाळत! "गाडी! माझी गाडी बुडतेय! सरका, भिंत पाडू दे!"

एली भिंतीसमोर हात पसरून उभी राहिली. "एकेक दगड! तुम्ही शब्द दिलाय!"

"अगं पण गाडी—"

"शब्द दिलायस, ग्रेग," ती बाई पाण्यातून म्हणाली. आता ती हसत नव्हती. "आणि पोरीचं बरोबर आहे. काढ दगड."

मग काय! कमरेइतक्या थंडगार पाण्यात उभा राहून ग्रेग एकेक दगड उचलू लागला. पलीकडून 'गुळ्ळुक' ऐकू आलं की कळवळायचा. "आता दोन घेऊ?"

"एकच!" एली आणि फर्गस एका सुरात ओरडायचे. फर्गस काठाकाठानं खाली पळत जाऊन पाणी किती चढलं ते बघून यायचा आणि हात हलवून खूण करायचा. तळं उतरलं, चर थांबला, आणि ओढा पुन्हा आपल्या वाटेनं, घाई न करता, खाली निघाला.

फर्गसनं खाली निरोप पोचवल्यावर मिसेस मन्रो ट्रॅक्टर घेऊन आल्या, तेव्हा ग्रेगचे ओठ निळे पडले होते. त्यांनी साखळी लावली, व्हॅन चिखलातून उपसून काढली आणि मग एलीकडून सगळी हकिगत ऐकून घेतली. त्या रागावल्या असत्या तर ग्रेगला बरं वाटलं असतं. त्यांनी थर्मासमधला चहा त्याच्या हातात दिला.

"आम्हाला माहीत नव्हतं," तो खाली मान घालून म्हणाला.

"मी सांगितलं होतं," एली म्हणाली.

ग्रेगनं टोपी काढली. "हो. सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. चूक झाली." आणि खरंच, ती तिघं ताडपत्री गुंडाळून उरलेले सगळे दगड जागच्या जागी ठेवूनच गेली.

खाली वळणाला पाणी पुन्हा खळाळत होतं. पोती बाजूला काढून ठेवली होती. आई आणि स्ट्रुअन नखशिखान्त भिजलेले काठावर बसले होते. आईचे गाल कितीतरी महिन्यांनी लाल दिसत होते. गावातून परतलेले बाबा, हातात काठ्या तशाच धरून, तिच्याकडं बघत होते.

"किती बादल्या ओतल्या विचारू नका," आई म्हणाली. "पण मी ओतल्या!"

मिसेस मन्रोंनी घरून तळाला काच बसवलेली एक जुनी बादली आणली आणि ती पाण्यावर टेकवली. कितीतरी वेळ त्या वाकून आत बघत राहिल्या.

"गढूळ पाणी निवळायला वेळ लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आहेत. जागच्या जागी आहेत." त्यांनी मान वर केली. "माझ्या वडिलांनी मला इथं पहिल्यांदा आणलं तेव्हा मी स्ट्रुअनएवढी होते. आज तुम्ही नसतात तर... पोरांनो, मी तुमची फार आभारी आहे."

एली गोंधळली. आभार तर तिला मानायचे होते! सुपाचे, वाळवलेल्या मोज्यांचे, आईला दिलेल्या खुर्चीचे. "तुम्ही कशाला?" ती कशीबशी म्हणाली. "काल तुम्ही आम्हाला घरात घेतलंत. आम्ही तर नुसते..."

"नुसते काय? शेजारी असंच करतात."

"पण आम्ही शेजारी कुठं आहोत? आम्ही आठवडाभरच आहोत इथं."

"मग आठवडाभराचे शेजारी," मिसेस मन्रो म्हणाल्या आणि बादली तिच्यापुढं सरकवली. "बघ."

एलीनं वाकून काचेतून पाहिलं. हिरवट उजेडात वाळू हळूहळू खाली बसत होती. काळ्या शिंपल्यांची रांग घट्ट मिटून उभी होती. आणि मग, अगदी टोकाचा, सगळ्यांत मोठा, ओरखड्यांनी भरलेला एक शिंपला केसभर उघडला. आतली नाजूक झालर पाण्यात हलू लागली.

"उघडला!" ती ओरडली. "आई, ये! लवकर ये, उघडला!"

आई आली. सावकाश नव्हे, धावत.