धाकटीसाठी उबदार पाणी

धाकटीला उबदार, सुरक्षित आणि परवडेल असं पाणी शोधायचं, नाहीतर महिनाअखेर तिला विकून टाकायची. एवढ्या एकाच कामासाठी तिघंजण समुद्रात उतरले होते.

धाकटी म्हणजे शिडाची होडी. सुताराने अकरा वर्षं राबून ती बांधली होती. शिडं शिवली होती त्याच्या बायकोने. ती कपडे शिवायची आणि अख्खा मोहल्ला तिला वहिनी म्हणायचा. त्यांचं घरचं बंदर हिवाळ्यात गोठायचं. बर्फ फळ्यांच्या फटींत शिरायचा आणि दर वर्षी सुतार त्याच फटी पुन्हा भरत बसायचा. तेही चाललं असतं, पण आता थंडी त्याच्या हातांत शिरली होती. गेले दोन हिवाळे त्याची बोटं वळत नव्हती. पटाशी धरता येईना. शर्टाची बटणंसुद्धा वहिनी लावून द्यायची. तेवढा वेळ तो भिंतीकडे बघत उभा राहायचा, जणू भिंतीवर काहीतरी महत्त्वाचं लिहिलंय.

होडीला गिऱ्हाईक तयार होतं. एक हॉटेलवाला. त्याला धाकटी अंगणात सिमेंटवर उभी करून आत टेबलं मांडायची होती! वादळं खाल्लेल्या होडीत बसून लोक सूप पिणार आणि फोटो काढणार. या माणसाच्या तोंडावर वहिनीने दार आपटलं नाही, याचं कारण एकच: दुसरा मार्ग दिसत नव्हता.

तिसरा गडी म्हणजे सुताराचा धाकटा भाऊ, भावजी. आयुष्यभर बस चालवलेला, अंगाने दोन माणसांचा ऐवज. सुकाणू ते स्टिअरिंगसारखं धरायचे आणि वळण्याआधी आरशात बघायला मान वर करायचे.

"भावजी, इथे मागून रिक्षा येत नाही," वहिनी म्हणायची.

"सवय आहे वहिनी. आणि आलीच तर?"

बारा दिवस दक्षिणेला गेल्यावर हवा बदलली. स्वेटर निघाले. पहिलं बंदर दिसलं तेव्हा तिघांचेही चेहरे खुलले. पांढऱ्याशुभ्र होड्या ओळीने उभ्या होत्या. त्यातली एकही वर्षानुवर्षं हललेली नव्हती. मालकांना समुद्र नको असतो, समुद्राकाठी आपली वस्तू आहे हे सांगायला हवं असतं. मॅनेजर पांढऱ्या बुटांत आला. पाण्यात उभं राहण्याचं भाडं वेगळं, धक्क्यावर पाय ठेवण्याचं वेगळं, नळाचं वेगळं.

"आणि श्वास घेण्याचं कुठल्या खिडकीवर भरायचं?" वहिनीने विचारलं.

मॅनेजर हसला नाही. ते पुढे निघाले.

दुसऱ्या बंदराचं भाडं इतकं कमी होतं, की भावजींनी ते ऐकताच नांगर टाकला. सुतार मात्र धक्क्याच्या खांबापाशी गेला आणि दारावर टकटक करावं तसं त्याने खांब वाजवला. आवाज पोकळ आला. चाकू टोचला, तर पातं मुठीपर्यंत आत गेलं.

"अळी आहे," तो म्हणाला. "उबदार खाऱ्या पाण्यातली. वरून धडधाकट, आतून चाळण. इथे धाकटी दोन वर्षांत गाळणी होईल."

"चला!" वहिनी ओरडली. "आत्ताच्या आत्ता चला!"

त्या घाईत पाण्याची खोली मोजायची दोरी खांबात अडकून तुटली. सुताराने लगेच नवी सुती दोरी काढली, टोकाला शिसं बांधलं आणि हाताहाताच्या अंतरावर खुणा केल्या. वहिनीने मदतीचं विचारलं, तर म्हणाला, "तेवढं येतं मला." बोटांबद्दल कोणी विचारलं की तो असाच तुटक व्हायचा. पुढचे दोन दिवस पाऊस झाला आणि दोरी डेकवर भिजत पडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी नकाशावर नाव नसलेलं एक नदीचं मुख दिसलं. आत हिरवीगार खाडी होती आणि पाण्यात चार-सहा जुने खांब उभे होते. महिना संपायला दोन दिवस उरले होते. मागून समुद्रावर काळंकुट्ट वादळ चढत होतं.

"आत घेऊ?" भावजींनी विचारलं.

सुताराने शिसं टाकलं. "साडेचार हात! आपल्याला चार पुरतात. घे आत!"

धाकटी मुखातून शिरली आणि धप्प! भांडी खाली आली. भावजी सुकाणूवर आपटले. तळ वाळूत रुतला होता. ओहोटी लागलेली. मागून आलेली लाट धाकटीला उचलायची आणि पुन्हा आपटायची. फळ्या करकरू लागल्या.

वहिनीने दोरी हातात घेतली. तीस वर्षांच्या शिवणकामानंतर तिला फार पाहावं लागलं नाही.

"अहो, खुणा करण्याआधी ही भिजवून वाळवली होतीत का?"

सुताराचा चेहरा उतरला. सुती दोरी भिजून आखडली होती. खुणा जवळजवळ आल्या होत्या. दोरीचे साडेचार हात म्हणजे खरे चारही नाहीत!

"मी शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना रोज ओरडते, कापड आधी भिजवा, मग कापा! घरात नवऱ्यालाच ऐकू गेलं नाही!"

"वहिनी, भांडण नंतर!" भावजी ओरडले. "पाणी उतरतंय!"

वादळ पोचलं. पावसाने समोरचं काही दिसेना. तळाखाली पाणी घटत होतं. अर्धा तास, आणि मग धाकटी इथेच फुटणार!

"हिला एका कुशीवर झुकवू," सुतार म्हणाला. "झुकली की तळ वर येईल. अरे, तू शिडाच्या आडव्या काठीवर चढ!"

"पाण्यावर? मी?"

"तुझ्याइतकं वजन आणखी कोणाकडे आहे?"

भावजींनी देवाचं नाव घेतलं, बसकंपनीला शिवी दिली आणि काठीला मिठी मारली. वहिनीने काठी बाहेर ढकलली. धाकटी कण्हत झुकली! तेवढ्यात सुतार नांगर घेऊन छोट्या डोंगीत उतरला आणि खाडीच्या खोल पाण्याकडे वल्ही मारू लागला. नांगर तिथे टाकून त्याच्या दोराने धाकटीला ओढून काढायचं होतं, आणि नांगराची गाठ डोंगीतच मारायची होती. ओल्या, जाड, हट्टी दोराची. ती गाठ त्याला दोन वर्षं जमली नव्हती.

त्याने दोर वळवला. ओढला. आवळला. नांगर पाण्यात गेला.

"ओढ!"

वहिनीने दोर गुंडाळायची चरखी फिरवायला घेतली. एक फेरा. दोन. हाताची सालटी निघाली. दोर ताठ झाला. लाट आली, भावजी कमरेपर्यंत भिजले आणि धाकटी सुटली! एका झेपेत ती खाडीत शिरली. आत पाणी स्थिर होतं. वादळ बाहेरच वाळूवर डोकं आपटत राहिलं.

काठावर, लोकांना नदीपार नेणारी होडी म्हणजे तर चालवणारी एक बाई छत्री धरून उभी होती.

"ओहोटीला आत कोण शहाणा येतो?" ती ओरडली. "भरतीला यायचं असतं! म्हणून तर मोठ्या होड्या इथे फिरकत नाहीत."

"म्हणून भाडं कमी?" काठीला लटकलेल्या भावजींनी विचारलं.

"आधी त्यांना खाली घ्या," बाई वहिनीला म्हणाली. "भाडं काय, माझ्या तरीचा तळ दुरुस्त करून द्या, मग बोलू. तुमचा माणूस सुतार दिसतो."

सुतार तोवर खांबापाशी पोचला होता. त्याने खांब वाजवला. आवाज भरीव. पुन्हा वाजवला. मग हसला.

"नदीचं गोडं पाणी," तो म्हणाला. "अळीला सोसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने हॉटेलवाल्याला तीन शब्दांचं पत्र लिहिलं: होडी विकायची नाही. पाकीट चिकटवून ती डेकवर आली. ऊन पडलं होतं. सुतार तरीकडे कामाला निघाला होता. शर्टाची सगळी बटणं त्याने स्वतः लावली होती, अगदी गळ्यापर्यंत.

सवयीने वहिनीचे हात पुढे झाले आणि मध्येच थांबले.

सुताराने ते पाहिलं. त्याने वरची दोन बटणं सोडली आणि तिच्यासमोर उभा राहिला. या वेळी तो भिंतीकडे बघत नव्हता.