माळावरची भेग

"हा बघा रस्ता. महाप्याच्या बाजूने चढायचं, माळ ओलांडायचा आणि पलीकडच्या खिंडीतून उतरायचं. पहाटे निघालो तर जेवायला घरी."

मितेशकाकांनी मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा केला. घणसोलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सगळे टेबलावर वाकले होते. दिवाळीची सुट्टी चालू होती आणि येत्या रविवारी सोसायटीची डोंगरातली सायकल सफर निघणार होती. मोठी माणसं, कॉलेजची मुलं, अगदी पाचवीतली पोरंसुद्धा नावं देऊन बसली होती.

"काका, तुम्ही स्वतः गेलाय का या माळावर?" आठवीतल्या ईश्वरीने विचारलं.

"उपग्रहाचा फोटो आहे हा. झाडन् झाड दिसतंय की. जायची काय गरज?"

लोक हसले. ईश्वरीचे कान तापले, पण ती मागे हटली नाही. "मग आम्ही जाऊन बघतो. वाटेवर चुन्याने बाणही काढून येतो."

"काढा की. तेवढंच माझं काम हलकं."

आम्ही म्हणजे तिघं. ईश्वरी, तिच्याच मजल्यावर राहणारी सातवीतली जाई आणि ईश्वरीच्या वर्गातला कुलदीप. कुलदीपचे वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार. घर साताऱ्याकडचं, त्यामुळे शाळेत तो मुंबईचं बोलायचा आणि घरी वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सायकली रेटत वर पोचले. चढ असा होता की जाई दोनदा रडकुंडीला आली. पण माळावर पाऊल टाकलं आणि तिघंही थबकले. कमरेएवढं वाळलेलं गवत लांबवर पसरलेलं. खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गाड्या मुंग्यांसारख्या दिसत होत्या, पण त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. पाखरू नाही, टोळ नाही. नुसतं गवत एकमेकांना घासत होतं.

"मला इथं बरं नाही वाटत," जाई म्हणाली.

"टेन्शन नको घेऊ. वारा आहे," असं म्हणून कुलदीप पुढे निघाला आणि लगेच त्याने करकचून ब्रेक दाबले. मागचं चाक गवतात घसरलं.

त्याच्या पुढच्या चाकाशी जमीन फाटली होती.

भेग हातभर रुंद होती आणि दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर वेडीवाकडी गेली होती. कडेची माती ओली, ताजी. गवताची मुळं या काठापासून त्या काठापर्यंत ताणली गेली होती, काही तुटून लोंबत होती. जाईने एक दगड आत सोडला. तिघं कान देऊन थांबले. दगड पडल्याचा आवाज आलाच नाही.

"पलीकडचा सगळा तुकडा सुटलाय," ईश्वरी पुटपुटली. पलीकडे एक पळस होता आणि त्याच्यापुढे नुसतं आकाश. नकाशावरची वाट बरोबर त्या पळसाखालून जात होती.

तेवढ्यात धप्प झालं. आवाज मोठा नव्हता. पण तो जमिनीतून चाकात आला, चाकातून हँडलमध्ये आणि ईश्वरीच्या मनगटापर्यंत पोचला.

"फटाका असेल," जाई म्हणाली. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"फटाक्याने कधी सायकल हलते का?" कुलदीप म्हणाला.

"कोन हाय तिकडं?" गवतातून एक माणूस उठला. डोक्याला लाल फडकं, हातात काठी. "मागं फिरा. बिबट्या हाय हितं."

"खाली काय चाललंय?" ईश्वरीने विचारलं.

"जुनी दगडाची खान हाय. कवाच बंद पडलीया. जावा घरला."

घरी येऊन त्यांनी मितेशकाकांना सगळं सांगितलं. काकांनी मोबाइलवरून मान वर केली नाही. "पावसाळा संपला की माती तडकतेच. आणि आवाजाचं म्हणाल, तर अख्ख्या नवी मुंबईत फटाके वाजतायत. शनिवारी मी वर जाणारच आहे, रिबिनी बांधायला. तेव्हा बघतो."

ईश्वरीला त्या रात्री धड झोप लागली नाही. डोळे मिटले की तिला गवतातून सायकलींची रांग जाताना दिसायची. रांगेच्या मधोमध पाचवीतली पोरं, आणि पळसाच्या पुढे काहीच नाही.

पहाटे तिला एक उपाय सुचला. मागच्या वर्षी पार्किंगमधल्या खांबाला चीर पडली होती तेव्हा सोसायटीने इंजिनिअर बोलावला होता. त्याने चिरेवर प्लास्टरचा पट्टा लावला होता. पट्टा फुटला तर चीर वाढतेय, असं त्याने सांगितलं होतं. जाईच्या घरी दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेलं प्लास्टर उरलं होतं.

शनिवारी तिघं काकांच्या आधी वर पोचले. भेग जिथे निमुळती होत गेली होती त्या टोकाला, पोटावर झोपून, त्यांनी दोन्ही काठांना जोडणारा जाड पट्टा थापला. मग मागे सरकून बसले. प्लास्टर वाळलं, टणक झालं.

धप्प.

पट्टा मधोमध तुटला. दोन तुकड्यांच्या मधून अंधार दिसायला लागला.

"वाढतेय," जाई म्हणाली. ती ईश्वरीचा हात घट्ट धरून होती.

तेवढ्यात मितेशकाका धापा टाकत सायकलवरून आले. हँडलला लाल रिबिनींची गुंडाळी. त्यांच्या मागोमाग तो लाल फडक्याचा माणूसही आला.

"हे हौसेराव. खाणीचे राखणदार," काका म्हणाले. "मी विचारलं त्यांना. खाण वर्षभर बंद आहे."

"काका, हा पट्टा आत्ता तुटला. आमच्या समोर."

"ओला असेल. ईश्वरी, पुरे आता. उद्या माणसं येणार आहेत." आणि काकांनी सायकल उचलून भेगेपलीकडे ठेवली, स्वतःही पलीकडे गेले आणि पळसाकडे चालू लागले.

"सायेब, लवकर आटपा बरं का," हौसेराव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो सारखा मोबाइलवर वेळ बघत होता. ईश्वरीची नजर त्याच्या पायांवर गेली. तो बोलता बोलता एकेक पाऊल मागे सरकत होता.

तिने कुलदीपला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनीच ते पाय दाखवले. कुलदीपला कळलं. तो हौसेरावजवळ गेला आणि घरी बोलतो तसा बोलायला लागला.

"मामा, तुमी साताऱ्याकडचं का?"

"व्हय. तू कुनाचा?"

"आमी बी तिकडलंच. मामा, काकांना रिबीन बांधाय कुनीतरी फांदी धराय पायजे. तुमी जरा पलीकडं जाता का?"

हौसेरावचं तोंड उघडं राहिलं. "मी? न्हाय बाबा. माझा पाय दुखतोय."

"मग निदान त्या काठावर हुबं ऱ्हावा. खान तर बंदच हाय न्हवं?"

हौसेराव हलला नाही. त्याने एकदा पळसाकडे पाहिलं. काका टाचा उंचावून फांदी ओढत होते. त्याने पुन्हा मोबाइल पाहिला, आणि त्याची काठी हातातून गळून पडली.

"सायेब, या माघारी!" तो ओरडला. "खाली सुरुंग भरल्यात. आता उडत्याल!"

"काका, सायकल सोडा, पळा!" ईश्वरी किंचाळली.

काका क्षणभर तसेच उभे राहिले. मग सायकल टाकून पळत सुटले. ते भेगेवरून उडी घेतात न घेतात तोच पायाखालची जमीन दणाणली. कुलदीपने आणि हौसेरावने त्यांना दंडाला धरून ओढलं. सगळे गवतातून मागे पळाले.

पलीकडचा तुकडा आधी नुसता कलला. पळस हळूच वाकला. मग पळस, सायकल, लाल रिबीन, गवत, सगळं एकदम खाली गेलं, आणि काही क्षणांनी खालून गडगडाट ऐकू आला. पिवळी धूळ वर आली. कोणाला कोणी दिसेना.

धूळ बसली तेव्हा मितेशकाका जमिनीवर बसलेले होते.

"मालक म्हनला, दिवाळी हाय तवर उडवून घ्या," हौसेराव डोकं धरून म्हणाला. "फटाक्यात कुनाला कळत न्हाय म्हनला. वर कुनाला येऊ देऊ नगंस, एवढंच माझं काम हुतं. सायेब ऐकंनात, आन् मी खरं बोलाय भ्यालो. पोरांनो, माजी बी पोरं हायेत रे."

ईश्वरीने तिथूनच आईला, अरुणाताईंना, फोन लावला. अरुणाताईंनी आधी पोलिसांना कळवलं, मग त्या स्वतः डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबल्या. संध्याकाळपर्यंत खाणीला टाळं लागलं. खाली दगड फोडणाऱ्या कामगारांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या झोपड्या दरडीपासून किती जवळ होत्या ते सगळ्यांना दिसलं. नशिबाने दरड कोसळली तेव्हा झोपड्यांत कुणी नव्हतं. हौसेरावने काहीही न लपवता जबाब दिला.

सफर एक आठवडा पुढे गेली. तेवढ्या दिवसांत तिघांनी मोठ्यांना सोबत घेऊन डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवरून नवी वाट पायी तपासली. कुलदीपच्या वडिलांनी मार्केटमधून सुट्टी काढली. परतताना ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालले, आणि ईश्वरीला म्हणाले, "पोरी, धीराची हायेस."

रविवारी गेटपाशी सायकलींची गर्दी झाली. मितेशकाका मागून घेतलेल्या सायकलवर होते. ते सगळ्यांसमोर आले, पण त्यांनी मोबाइल काढला नाही.

"मी न बघता तुम्हाला तिथे नेणार होतो," ते म्हणाले. "या मुलांनी मला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा ऐकलं नाही. मी आज इथे उभा आहे तो यांच्यामुळे. आज पुढे ईश्वरी असेल, तिच्या मागे कुलदीप आणि जाई. मी सगळ्यांत शेवटी येतोय."

ईश्वरीने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि पायडलवर पाय ठेवला.

मागून काकांचा आवाज आला, "आणि एक लक्षात ठेवा. ती थांबली की का म्हणून विचारायचं नाही. आधी ब्रेक दाबायचा."