पालथा तवा

रोहिणीच्या लग्नात आलेला नॉनस्टिक तवा शेवटी भाकरीत उतरू लागला. आधी कडेचा काळा पापुद्रा निघाला, मग मधला, आणि एके दिवशी निकिताने तोंडातला घास काढून आईच्या हातावर ठेवला. आधीच या पोरीला जेवण म्हणजे शिक्षा, त्यात हे आयतं निमित्त मिळालं.

निकिता चार वर्षांची होती. हातपाय काड्यांसारखे, डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी असल्याचं सांगून औषध दिलं होतं आणि वर बजावलं होतं, की भाकरी लोखंडाच्याच तव्यावर करा. अंगणवाडीत वजन व्हायचं तेव्हा काटा नुसता हलल्यासारखं करायचा आणि जागेवर यायचा. पोरीच्या बरगड्यांवरून हात फिरवताना रोहिणीला रडू फुटायचं. नवरा सुनील दिवसभर उसाचा ट्रॅक्टर हाकून आलेला असायचा. "खाईल गं. पोरं अशीच असत्यात," म्हणून तो कूस बदलायचा.

तेव्हा रोहिणी कोपरगावच्या बाजारात तवा घ्यायला गेली. तवा निवडणं सोपं वाटतं, पण पातळ पत्र्याचा घेतला तर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. जाड घेतला तर मनगटाचं काम तमाम. तिने एकेक तवा उचलून पाहिला, बोटाने टिचकी मारून कानाशी धरला. एकाचाही आवाज तिला पटेना.

"ताई, तवा घ्यायचाय का घंटा?" दुकानदार वैतागून म्हणाला.

ती रिकाम्या पिशवीनेच परत फिरली.

कोपरगावच्या बाहेर, कालव्याच्या कडेला तिच्या दोन खोल्या होत्या. जवळची वाट ऊसतोड्यांच्या तळावरून जायची. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, आठवडा झाला होता आणि तोडकरी आपापल्या गावी, तिकडे शेवगाव-पाथर्डीकडे निघून गेले होते. त्यांच्या राहायच्या कोप्या मोडल्या होत्या. मागे राहिलं होतं ते उसाचं वाळलं पाचट आणि तीन-तीन दगडांच्या चुली. त्यातल्या एका चुलीवर तवा होता, पालथा घातलेला. त्या चुलीभोवती कुणीतरी शेणाने नीट सारवलं होतं.

रोहिणीने इकडेतिकडे पाहिलं. विसरला असेल कुणी, एका तव्यासाठी तिकडून इतक्या लांब कोण येतंय? तिने टिचकी मारली. आवाज खोल उमटला आणि बराच वेळ रेंगाळला. वजन हाताला बरोबर बसलं. उताणा केला तेव्हा तवा कोमट लागला. एप्रिलचं ऊन, लोखंड तापणारच. तिने तो पिशवीत घातला.

घरी आल्यावर राख आणि विटेचा तुकडा घेऊन तिने तो घासघास घासला, तापवून तेल लावलं, वर कांद्याची फोड फिरवली. बुडाची काजळी काही पुरती निघाली नाही. पण पहिलीच भाकरी अशी टम्म फुगली, की रोहिणीला हसू आलं. निकिताने ती संपवली आणि ताट पुढे केलं.

"आजून," ती म्हणाली.

रोहिणी गॅसकडे तोंड करून रडली. आनंदानेच रडली.

त्या महिन्यात काटा खरोखर हलला. पोरीच्या गालावर रंग आला. सुनील म्हणाला, "बघ, मी काय म्हनत हुतो?" त्याने काय केलं होतं कुणास ठाऊक, पण श्रेय घ्यायला तो तयार होता. रोहिणीनेही ते त्याला देऊन टाकलं.

बोटांकडे तिचं लक्ष जरा उशिराच गेलं.

भाकरी तव्यावर टाकली, की वरून पाण्याचा हात फिरवतात. त्या हाताचे माग भाजल्यावरही राहतात. रोहिणीच्या भाकरीवर ते असायचेच, फक्त ते तिचे नसायचे. करंगळीच्या शेजारचं बोट पुरतं उमटत नव्हतं. तिथे अर्धाच माग, मग कोरी जागा. तिने आपला हात निरखला, पाची बोटं शाबूत होती. पीठ सैल झालं असेल. तिने पाणी कमी केलं, दुसऱ्या गिरणीतून दळून आणलं, एकदा मुद्दाम डावा हात फिरवला. तरी माग उजव्याच हाताचे उठले, बोटाची जागा तशीच कोरी.

तिला भीती वाटली. पण समोर निकिता मचमच करत खात होती, आणि त्या आवाजापुढे भीतीचं काही चालेना.

निकिता आता ताटावर मांडी घालून बसत नव्हती. उकिडवी बसायची, भिंतीकडे पाठ करून, भराभर खायची. शेवटचा चतकोर फडक्यात बांधून बाजूला ठेवायची.

"हे कुणाला?"

"सकाळच्याला. फडावर न्यायचीय."

बापाच्या तोंडून फड, ऊस, तोड हेच ऐकते दिवसभर, रोहिणीने स्वतःला समजावलं.

एका सकाळी भाकरी जाळावर शेकायला तिने सांडशीने तवा उचलला, तर बुडाला ठिणग्या धावत होत्या. लालबुंद ठिपके, एक विझतो तोवर दुसरा पेटतो. उरलेली काजळीच पेटली होती ती. रोहिणीने लहानपणी चुलीवर हे कितीदा पाहिलं होतं.

"तवा हसला!" निकिताने टाळ्या वाजवल्या. "मानूस येनार!"

आणि दुपारी खरंच माणूस आलं. सुनीलची आई, कडूबाई, शेवगावच्या एसटीने न कळवता आली. उभं आयुष्य तिने ऊसतोडीत काढलं होतं. नातीचे गाल बघून म्हातारी हरखून गेली, तिच्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर कडाकडा मोडली. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली आणि तांब्या हातात धरून उभीच राहिली.

"रोहिने, ह्यो तवा कुठला?"

"बाजारातला, आत्याबाई."

"जुना दिसतोय."

"जुनाच घेतला. भाकरीला जुना बरा ना?"

कडूबाईने तव्याला हात लावला नाही. "घेतलास तवा उताना हुता का पालथा?"

"उताणा," रोहिणी म्हणाली. खोटं इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"आमच्याकडली बाई तळावर गेली, मंजी मेली, तर तिचा तवा तिच्याच चुलीवर पालथा घालत्यात. मागं तिचं लेकरू ऱ्हायलं आसंल तर नक्कीच." म्हातारीने तांब्या खाली ठेवला. "त्यो कुनी उताना करायचा नसतो."

"केला तर?"

"मला न्हाई ठाव. कुनी केलाच न्हाई कदी."

कडूबाई रात्री जेवली नाही, भूक नाही म्हणाली. सकाळी पहिल्याच गाडीने ती निघाली. उंबऱ्यात तिने सुनेचा हात घट्ट धरला. "जिथून आनलास तिथं, जसा हुता तसा ठिवून ये. माझं आईक."

रोहिणीने त्याच दिवशी बाजारातून नवा तवा आणला, पहिला हाताला लागला तो. जुना पलंगाखाली सरकवला. नव्यावरची भाकरी निकिताने हुंगली आणि ताट ढकललं. संध्याकाळीही तेच. दूध नाही, केळं नाही, पाण्याचा घोटही नाही. दुसऱ्या दिवशी ती उठून बसेना. गालावरचा रंग उतरला होता आणि पापण्या पुन्हा पांढऱ्या दिसत होत्या.

रोहिणीने पलंगाखालून तवा ओढला. तो कोमट होता.

"खाऊ दे," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत तिच्याशिवाय जागं कुणी नव्हतं. "कुणाच्या का हातची असेना. माझी पोर खाऊ दे."

निकिता पोटभर जेवली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी भर दुपारी वावटळ उठली. रोहिणी पीठ मळून, गॅसवर तवा ठेवून कपडे काढायला बाहेर धावली. दोरीवरची चादर ओढताना तिला घरातून आवाज आला.

थप. थप. थप.

भाकरी थापल्याचा आवाज. मोठ्या बाईच्या हाताचा, सरावाचा.

ती आत गेली. आवाज थांबला.

परातीत पीठ पसरलेलं होतं. तव्यावर भाकरी होती, वर पाण्याचा ओला हात नुकताच फिरलेला. निकिता ओट्याखाली उकिडवी बसून वर बघत होती. तिचे हात कोरडे होते.

"कुणी टाकली ही?"

निकिता हसली. "तूच म्हनलीस ना, खाऊ दे?"

रोहिणीने गॅस बंद केला. तापलेला तवा फडक्यात गुंडाळला, पोरीला काखोटीला मारलं आणि ती तळाकडे पळत सुटली. चटके बसत होते, तिला त्याचं भान नव्हतं. सगळ्या चुली कुणीतरी विस्कटल्या होत्या. एकच जागेवर होती. भोवतीचं सारवण ओलं होतं.

तिने तवा पालथा घातला. हात जोडले.

"तुझा तुला दिला बाई. माझं मला ठेव."

परत येताना निकिताने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हट्ट केला नाही. रोहिणीच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी तिने नव्या तव्यावर भाकरी टाकली. पाण्याचा हात फिरवला. भाकरी उलटून पाहिली, तर माग पाची बोटांचे होते. तिने त्यांवरून पुन्हापुन्हा बोट फिरवलं. निकिताने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला, गिळला. नव्या तव्याची भाकरी पोरगी खात होती.

"आवडली का माझ्या बाळाला?"

निकिताने मान हलवली. परक्याच्या घरी जेवावं तशी ती अंग चोरून बसली होती. अर्धी भाकरी तिने नीट दुमडून बाजूला ठेवली.

"काकू," ती अदबीने म्हणाली, "येवढी बांधून देता का? आई येईल आता फडातून."

दुसरी भाकरी तव्यावर करपायला लागली होती. सवयीनेच रोहिणीने ती शेकायला सांडशीने तवा उचलला.

नवा कोरा तवा. गॅसशिवाय दुसरा जाळ त्याने पाहिला नव्हता, बुडाला काजळीचा कणही नव्हता. त्या चकचकीत बुडावर कडेला एक लाल ठिणगी उमटली. मग दुसरी. मग त्या धावू लागल्या.

निकिताने वर पाहिलं. दुमडलेली भाकरी छातीशी धरून ती उठली आणि दाराची कडी काढायला गेली.