कोरड्यावरचा इद्वल

“जीव लावायचा तर लाव, मेलेरी. पण शिंपलेवाल्याला पाण्यावरून उठवू नकोस. असली माणसं कोरड्यावर तगत नाहीत,” ग्वेनमावशी म्हणाली होती.

मेलेरी हसली होती. “मावशी, माणूस आहे तो, मासा नाही!”

ओळख वाऱ्यानं करून दिलेली. कॉन्वी गावच्या नदीधक्क्यावर, देशातलं सगळ्यात लहान म्हणून लोक बघायला येतात त्या लालचुटुक चिमुकल्या घराच्या दारात मेलेरी तिथल्या जुन्या वेशातली उंच काळी टोपी घालून पाहुण्यांची वाट बघत असायची. त्या दिवशी भुरभुर पाऊस, पाहुणा एक नाही. वाऱ्यानं टोपी उचलली ती थेट नदीत! एका होडीतून तळाचे शिंपले ओढायचं वीस फुटी दाताळं पुढं आलं आणि टोपी अलगद वर निघाली.

“डोकंही पडलंय का? शोधू?” होडीतला शिंपलेवाला, इद्वल, म्हणाला.

“माझं जागेवर आहे. तुझं बघ. एवढ्या थंडीत कोण पाण्यात जातं?”

“ज्याला काठावर कोणी चहा विचारत नाही… तो.”

चहा मिळाला. मग रोजच मिळू लागला. ओहोटीला इद्वल गावच्या किल्ल्याखालून निघायचा, भरतीबरोबर परतायचा. मेलेरीची तीन वर्षांची लेक लोरी त्याच्या बुटांत शिंपले भरायची. मेलेरी मात्र तटावरून धुक्यात डोळे ताणत राहायची. लोरीचा बाप याच नदीच्या मुखाशी बुडाला होता.

एका दुपारी इद्वल तासभर उशिरा आला — चिंब, हसत. तिनं त्याचे गार हात घट्ट धरले.

“तू हवा आहेस मला… पण होडी सोड. लोरीचा बाप पुन्हा नाही बुडू देणार मी.”

नदीकडे बघत त्यानं होडीचा दोर धक्क्याला बांधला. “तू म्हणतेस ना? मग सोडली.”

समुद्रापासून लांब, रेक्सम शहरात त्याला गोदामात काम लागलं. आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एकदा… मग नुसताच फोन.

“बरा आहेस ना रे?”

“आहे की! इथं पाणी फक्त नळाला येतं. बुडायची सोयच नाही.”

हसला, पण ते हसू ऐकून तिनं लगेच विचारलं, “जेवलास का?”

सोमवारपासून तो फोन उचलत नाही. लोरी तापानं फणफणलीय, मेलेरीला घर सोडता येत नाही. तुमच्यापैकी कोणी रेक्समकडे जाणार असेल, तर स्टेशनमागच्या गोदामात जरा डोकावा ना. सगळे आडोशाला आणि एकटाच पावसात उभा दिसला, तर तो इद्वल. जेवलास का, विचारा. आणि सांगा — मेलेरी म्हणते, होडी धक्क्यालाच आहे. पाण्यावर जा हवं तर… पण ये.