नवव्या खांबाची साखळी

"तेच पाणी, तेच आठ जण. मग काल आपण एका मिनिटात कसे सापडलो?" सायकल नदीकाठच्या गवतात टाकत कॅलम म्हणाला.

सुट्टीचा तो पहिलाच शुक्रवार होता आणि केम नदीवरच्या धडकशर्यतीचा शेवटचा दिवस. नदी अरुंद, म्हणून नावा एकामागे एक उभ्या राहतात. तोफ झाली की प्रत्येकीने पुढचीला गाठून धडकायचं. धडक बसली की दोघींची शर्यत तिथेच थांबते आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल होते.

त्यांच्या हिरव्या नावेत कॅलमची आई वल्हवत होती. सुकाणू तेरा वर्षांच्या हेटीकडे होतं. मंगळवारी निळ्या नावेने त्यांना धडक दिली, बुधवारी त्यांनी निळीला, गुरुवारी पुन्हा निळीने त्यांना.

"एक सांगू?" हेटीशेजारी गवतात बसलेली त्यांची मैत्रीण झोफिया म्हणाली. "जिंकणारी नाव रोज नवव्या खांबाशी उभी होती."

तिघं खांबांपाशी गेली. काठावरच्या खांबाला बांधलेल्या साखळीचं टोक धरून सुकाणूवाला नाव जागेवर ठेवतो आणि तोफ होताच सोडतो. कॅलमने हात फैलावून पुढच्या, आठव्या खांबाची साखळी मोजली. दहा वाव. मग नवव्याची. अकरा वाव, वर हातभर.

"साखळी लांब, म्हणजे इथली नाव आधीच पुढे असते," हेटी हळूच म्हणाली.

"आणि आज इथे आपण आहोत," कॅलम म्हणाला. "सांगायलाच हवं का? आईने बुधवारी जिंकल्याची खूण म्हणून विलोच्या झाडाची डहाळी टोपीत खोवली होती, अजून काढली नाहीये तिने."

हेटीने नवव्या साखळीचं टोक उचललं. "टोक माझ्या हातात असणार आहे, कॅलम. मला माहीत असताना मी ते कसं धरू?"

कॅलमने सायकल उचलली. "चल. पण बोलायचं तू."

साखळ्यांची जबाबदारी मिस्टर पार्जिटरांची. हेटीने नवव्या साखळीचं सांगितलं तेव्हा ते सँडविच खात होते.

"सोमवारी जुनी तुटली, दुसरी अडकवली. साखळी ती साखळी, पोरी."

"तुम्ही स्वतः एकदा मोजा ना," हेटी म्हणाली.

त्यांनी मोजली, मग पुन्हा मोजली. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी जादा कड्या काढल्या आणि दोन्ही नावांना जाऊन खरं सांगितलं.

कॅलमच्या आईने टोपीतली डहाळी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे बुधवार आपला नव्हताच," ती म्हणाली. "ठीक आहे. वल्ही धरा."

तोफ झाली. वळणावर निळी फक्त हातभर पुढे राहिली. "वल्ह्याचे अजून दहा फटके!" हेटी ओरडली. पण तो हातभर पाण्याचा पट्टा शेवटपर्यंत तसाच राहिला.

काठाला लागल्यावर मिस्टर पार्जिटर आले. "बावीस वर्षं मी साखळ्या बांधतोय, पण मोजली एकही नाही. पुढच्या वर्षी मी बांधीन आणि तुम्ही तिघं मोजाल. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच तोफ होईल."

कॅलमच्या आईला अजून दम लागला होता. "हेटी, मंगळवारपासून रोज मिनिटभरात आपलं आटपत होतं," ती म्हणाली. "शर्यत संपते तो शेवटचा पूल मी आज पहिल्यांदा पाहिला."