तीन दिवस पाय ठेवू नका

केळझरच्या गणपतीसमोर इलानं डोळे घट्ट मिटले आणि एका दमात सगळं मागून टाकलं — देवा, रविवार येऊच देऊ नको. आलाच, तर त्या इंजिनिअरला ताप येऊ दे. फार नको, नव्याण्णव पुरे. आणि तेही जमत नसेल, तर निदान अण्णांना माझं नाव कळू देऊ नको. मग तिनं डोळे उघडले. शेजारी, हातात नारळ धरून, देवेंद्र उभा होता.

पंधरा दिवस ज्याचा फोन उचलला नव्हता, तो टाइलचा ठेकेदार नेमका आजच्याच चतुर्थीला, नेमका हिच्याच शेजारी! ती हळूच मागं सरली आणि खांबाआड उभी राहिली. खांब बिचारा बारीक होता.

"दिसून राह्यल्या, मॅडम," देवावरची नजर न हलवता तो म्हणाला.

"मी... मी सहज आले होते."

"मी सहज नाई आलो. तुमच्या अण्णाजीच्या विरोधात मागाले आलो. आता बाप्पानं कोणाचं ऐकावं, सांगा बरं?"

ती हसली. हसू नये तिथं हसवायचा हा माणूस, आणि तिथूनच तर सगळा घोटाळा सुरू झाला होता.

इलाचे वडील अण्णाजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. वर्ध्यात सावंगीच्या रस्त्याला त्यांनी घर बांधलं आणि टाइलचं काम समुद्रपूरच्या देवेंद्रला दिलं. इला जवळच्याच एका लॅबमध्ये रक्त तपासायची. येता-जाता कामावर डोकावायची. टाइला बघायला हो, दुसरं काय! हा गुडघ्यावर बसून, जिभेचं टोक दातांत धरून एकेक टाइल सिमेंटच्या ओल्या मसाल्यावर ठेवायचा, रबरी हातोडीनं हलके ठोकायचा... आणि मधेच मान वर करून विचारायचा, "लाइन सरळ आहे न, मॅडम? का तुमच्याकडे पाहता पाहता वाकडी झाली?"

हॉल पुरा झाला त्या संध्याकाळी त्यानं हॉलच्या दाराला आडवी दोरी बांधली आणि घराची चाबी इलाच्या तळहातावर ठेवली.

"तीन दिवस आत पाय ठेवू नका. कोणीच नाई. मसाला कच्चा आहे. अण्णाजी अन् काकू डोळ्याच्या ऑपरेशनले नागपूरले चालले, मंग चाबी तुमच्याजवळच राहू द्या. बाकी कोणावर भरोसा नाई आपला."

चाबी देताना त्याचं बोट तिच्या तळव्यावर जरा... जरा जास्तच थांबलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी हिनं दार उघडलं.

हौसेनं नव्हे! आनंदाबाई आत्या पाहुणे घेऊन थेट नव्या घराच्या फाटकात उभ्या. अमरावतीचा मुलगा, त्याचे आईवडील, मामा, मामी, कोण कोण. मोजून अकरा माणसं. "पाहुण्यायले काय रस्त्यावर मुलगी दाखवू? उघड मुकाट्यानं! जमलं का मंग सांगू तुझ्या बापाले." इलाला 'नाही' म्हणता येत नसे. लहानपणापासून तो एक शब्द तिच्या घशातच अडकायचा. दोरी सुटली, हॉलच्या मधोमध खुर्च्या मांडल्या, पोहे झाले, आणि मग मामी म्हणाल्या, मुलीनं जरा चालून दाखवावं. चालली बापडी, त्याच कच्च्या टाइलांवरून. मुलाला ती सावळी वाटली. पाहुणे गेले, आत्या मूग गिळून बसल्या, आणि इलानं सगळं झाडून-पुसून दोरी पुन्हा बांधून टाकली.

सगळे नव्या घरात राहायला आले, दोन महिने गेले आणि टाइला हलायला लागल्या. एक कोपरा उचलला, त्याला ठेच लागून आई पडली. हात मोडता मोडता वाचला. अण्णाजींनी काठी घेऊन हॉलभर एकेक टाइल ठोकून पाहिली आणि जी पोकळ वाजली तिच्यावर खडूनं फुली मारली. सत्तावीस फुल्या! तक्रार ग्राहक आयोगात गेली. रविवारी हरिभाऊ नावाचे, दोन्ही बाजूंनी मान्य केलेले इंजिनिअर पाहणीला येणार होते. त्यांनी देवेंद्रच्या कामाला वाईट म्हटलं, की वर्ध्यात कोणी त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हतं. मिस्त्रीचं नाव तोंडोतोंडी चालतं, आणि बदनामी तर त्याहून जोरात पळते. हे सगळं इलाला कळत होतं. तरी ती गप्प होती, आणि गप्प राहिल्याची टोचणी तिला दोन घासही नीट गिळू देत नव्हती.

मंदिराच्या पायऱ्या उतरताच अवकाळी शिडकावा आला. देवेंद्रनं गाडीला अडकवलेलं सिमेंटचं रिकामं पोतं काढलं, झटकलं आणि तिच्या डोक्यावर धरलं. पोत्यातली उरलीसुरली धूळ तिच्या केसांत पडली. दोघं अगदी जवळ उभे होते.

"फोन काऊन नाई उचलत?"

"भीती वाटते."

"माही?"

"...अण्णांची." अर्धंच खरं होतं ते.

"भेव तं मलेबी वाटते, मॅडम, नाव खराब होईन म्हणून. इतकं वाटलं, का भेवापायी मुकेशले कामावरून काढलं."

मुकेश म्हणजे त्याचा जोडीदार. दोघं एका शाळेतले, एका ताटात जेवलेले.

"का? त्यानं... त्यानं काय केलं?"

"तिसऱ्या दिवशी पाहतो तं दोरीची गाठ निराळी. तवा ध्यान नाई देलं. टाइला हालल्यावर आठवलं. मागच्या दाराची चाबी त्याच्याजवळ होती, तोच गेलता सामान काढाले. दुसरं कोण जाईन? पुढची चाबी तं तुमच्याजवळ." त्यानं मान फिरवली. "हात जोडून सांगत होता बिचारा, मी नाई गेलो म्हणून. मी ऐकलं नाई."

"देवेंद्र, मी..."

"काय?"

तो तिच्याकडे पाहत होता. त्या नजरेत केवढा विश्वास होता! तो आपल्या डोळ्यांसमोर मोडताना पाहायचा? नाही झालं तिच्यानं.

"काही नाही. भिजताय तुम्ही."

आणि रविवार आलाच. देवानं कुणाचंच ऐकलं नव्हतं. हरिभाऊ ठणठणीत तब्येतीनं हजर झाले, खिशातून रुपयाचं नाणं काढून हॉलभर टाइलांवर वाजवत फिरले. अण्णाजी काठी टेकून उभे, आई स्वयंपाकघराच्या दारात, देवेंद्र भिंतीशी. इला जिन्याचा कठडा धरून उभी होती आणि कठडा सुटला तर आपण पडू असं तिला वाटत होतं.

"अण्णाजी, भिंतीकडच्या टाइला खणखणीत आहेत," हरिभाऊ म्हणाले. "पोकळ आहेत त्या फक्त मधल्या. मिस्त्रीचा हात खराब असता तं सगळीकडेच असता. मसाला कच्चा असताना इथं वजन पडलं. चांगलं भरपूर वजन."

"अशक्य!" अण्णाजी गरजले. "चाबी माझ्या इलाजवळ होती. माझी मुलगी खोटं बोलत नाही."

"बराबर म्हणतात अण्णाजी," देवेंद्र पुढं झाला. "माहाच माणूस आत गेलता. चूक ठेकेदाराची, असं लिहा, हरिभाऊ."

हरिभाऊंनी पेनाचं टोपण काढलं.

इलाची भीती कुठं गेली नव्हती, उलट अशी कधी वाटलीच नव्हती. पण कठडा सुटला हातातून. ती चालत हॉलच्या मधोमध गेली, खडूच्या फुल्यांमध्ये उभी राहिली.

"लिहू नका, काका. मुकेश आत गेला नव्हता. मी दार उघडलं." तिनं बोटानं जागा दाखवली. "आत्यांनी मला दाखवायला पाहुणे आणले होते. अकरा जण. इथं खुर्च्या होत्या... आणि इथपासून तिथपर्यंत मी चालून दाखवलं. त्यांनी तीनदा चालायला लावलं, अण्णा."

अण्णाजींचं तोंड आधी लाल झालं, मग एकदम उतरलं.

"तीनदा?" एवढंच ते म्हणाले.

मग काठी भिंतीला टेकवून ते कण्हत खाली बसले, खिशातून रुमाल काढला आणि फुल्या पुसायला लागले. एक पुसली, सरकले, दुसरी पुसली. आई डोळ्यांना पदर लावून उभी होती. "तक्रार मी मागं घेतो, हरिभाऊ," वर न पाहता ते म्हणाले. "दोष आमच्या घरचा आहे."

देवेंद्र मात्र तडक बाहेर पडला. इला फाटकापर्यंत धावली.

"देवेंद्र! रागावलात?"

"तुमच्यावर भरोसा ठेवला अन् मुकेशले खोटं पाडलं मी." त्यानं गाडी सुरू केली, आणि मग तशीच उभी ठेवली. "बसा."

"कुठं?"

"समुद्रपूरले. त्याले तुम्ही सांगा. माही हिंमत नाई होत."

दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वारा गार होता, आणि हा माणूस आता कायमचा गेला असं समजून इला त्याच्या पाठीमागं मूकपणे रडत होती.

मुकेशनं सगळं ऐकून घेतलं. "ताई, तुम्हाले भेव होतं, समजलं मले," तो म्हणाला. "पण ह्याले काय झालतं? यानं मले एक डाव नीट विचारलंबी नाई!"

देवेंद्रनं दोन्ही कान धरले. मुकेशनं त्याच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला, की आतून मुकेशची बायको जया चहा टाकू का म्हणून विचारायला धावत आली. चहा झाला. परत निघताना देवेंद्र इलाला हळूच म्हणाला, "मीबी भेवापायीच केलं न. तुमच्यावर कोणत्या तोंडानं रागावू?"

पंधरा दिवसांनी हॉल पुन्हा पुरा झाला. मुकेशनं दाराला दोरी बांधली, आपली एक खास गाठ मारली आणि सामान घेऊन मुद्दामच लांब गेला. देवेंद्र पुढच्या दाराची चाबी हातात खेळवत उभा राहिला.

"पुन्हा माझ्याजवळच?" इलानं विचारलं.

"पाहू. आत्याबाई पाहुणे घेऊन आल्या तं?"

"नाही म्हणेन."

"म्हणून दाखवा."

"नाही."

"हे तं मलेच ऐकू नाई आलं."

"नाही!"

"हां! आता बराबर." त्यानं चाबी तिच्या तळहातावर ठेवली. बोट पुन्हा तिथंच थांबलं. घरात अण्णाजी खाकरले तसा तो दचकला आणि म्हणाला, "अन्... पाहुणा म्हणून मीच आलो तं?"

इलानं तोंड उघडलं. तो जुना शब्द घशातच अडकला. अडकू दे बाई, तिनं मनाशी म्हटलं.

"या," ती म्हणाली. "पण तीन दिवस थांबून. मसाला कच्चा आहे. आणि चालून वगैरे मी दाखवणार नाही."

"तुम्ही बसा न खुर्चीवर," देवेंद्र म्हणाला. "चालून मी दाखवतो. तीनदा."