गोणपाटाचा बोळा

"मामा, आणखी एक मोडका रोमन खांब दाखवलास ना, तर मी इथून चालत घरी जाईन!" बाझिलने जाहीर केलं.

"खुशाल जा! आपलं लियाँ शहर त्या बाजूला," गास्पार मामा स्टिअरिंगवर ताल धरत म्हणाला. "आणि ओरांज गावातलं ते रोमन थिएटर मोडकं? दोन हजार वर्षं उभं आहे. तुझी सायकल दोन महिने टिकली नाही!"

मागच्या सीटवर आपोलीन खो खो हसली. ती मामाची मुलगी, नऊ वर्षांची. बाझिल अकराचा आणि त्याची बहीण नोएमी तेराची. ऑगस्ट संपत आला की मामा आपल्या खानावळीसाठी वाइन घ्यायला फ्रान्सच्या दक्षिणेत निघायचा आणि पोरांना व्हॅनमध्ये कोंबायचा. करार पक्का होता. मामाला वाइनचं एक तळघर, की पोरांना एक रोमन गाव, हवं असो वा नसो!

ओरांजच्या पुढचं तळघर होतं मादाम ओदीबेर यांचं. आजीबाई चांगल्या ठसकेबाज होत्या. आपोलीन टुणकन उडी मारून तळघराच्या जिन्याकडे पळाली, तशी त्यांनी तिची कॉलरच धरली.

"थांब, भवाने! आधी मेणबत्ती, मग माणूस!"

त्यांनी काठीला बांधलेली पेटती मेणबत्ती जिन्यात खाली सोडली. ज्योत शांतपणे जळत राहिली, तेव्हा कुठे कॉलर सुटली.

"हे कशाला, आजी?" बाझिलने विचारलं.

"द्राक्षांचा रस आंबायला लागला की त्यातून वायू निघतो, बाळा. दिसत नाही आणि तळाशी साचून राहतो. मेणबत्ती विझली की समजायचं, आता माणूसही विझणार! म्हणून तर झरोके सताड उघडे ठेवायचे."

झरोके म्हणताच नोएमीला कालचं गोणपाट आठवलं.

काल रात्री त्यांची व्हॅन वेझाँ गावाजवळ, वाइनवाल्या फ्लोरान काकांच्या अंगणात उभी होती आणि सगळे तिच्यातच झोपणार होते. काकांच्या तळघराचा झरोका व्हॅनला अगदी लागून होता आणि तिथे गांधीलमाश्या घोंगावत होत्या. नोएमीला गांधीलमाशीचं भयंकर भय! तिने कोपऱ्यातलं जुनं गोणपाट उचललं आणि झरोक्यात असं गच्च कोंबलं की मुंगीसुद्धा बाहेर येऊ नये. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. सकाळी निघताना ते काढायचंही विसरली.

आणि फ्लोरान काका काय म्हणाले होते? "उद्या जेवणाआधी खाली उतरून नव्या रसाची चव बघायची आहे!"

तिने बाझिलला बाजूला ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. बाझिलचे डोळे विस्फारले. "अगं बाई! फोन लाव ना!"

फोन वाजला, वाजतच राहिला. द्राक्षतोडणीच्या दिवसांत घरात कोण असणार? सगळे मळ्यात.

"मामाला सांग," बाझिल म्हणाला.

नोएमी मामासमोर गेली. तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं हो, अगदी ओठांवर आलं होतं! पण मामा काय म्हणेल, आई काय म्हणेल, या विचाराने भलतंच बाहेर आलं.

"मामा, काकांकडची वाइनची पेटी... तिथेच राहिली वाटतं."

"काय? माझी पेटी!"

माणसासाठी मामा कदाचित दहा प्रश्न विचारून मागे वळला असता. पेटीसाठी एकही न विचारता वळला! बाझिलने मुकाट्याने गाडीतच असलेल्या त्या पेटीवर चादर टाकली आणि वर बसकण मारली.

रस्ताभर दोन्हीकडे द्राक्षांचे मळे लखलखत होते. नोएमीला काही दिसत नव्हतं. 'मी मारलं त्यांना. वर खोटंही बोलले,' एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

अंगणात व्हॅन थांबायच्या आत तिने दार उघडलं. फ्लोरान काका तळघराचं कुलूप काढत होते. त्यांची चार वर्षांची लिलू त्यांच्या पुढे नाचत होती.

"काका, थांबा! खाली जाऊ नका!"

"का गं? भूत बघितलंस?"

"आधी मेणबत्ती सोडा!"

"मेणबत्ती?" काका गडगडाटी हसले. "ती आमच्या आजोबांची थेरं! हे एवढं मोठं नाक काय शोभेला आहे?"

ते काही ऐकेनात. तेवढ्यात आपोलीन कमरेवर हात ठेवून पुढे आली. "मग लावा पैज! मेणबत्ती जळत राहिली, तर बाबांची वाइनची पेटी तुमची!"

"ए कार्टे!" मामा ओरडला.

पण पैज म्हटल्यावर काकांना कुठला धीर! त्यांनी स्वतःच डब्यात मेणबत्ती पेटवली आणि दोरीने खाली सोडली.

अर्ध्या जिन्यातच ज्योत विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा तिथेच विझली.

काकांचं हसू मावळलं. ते लिलूच्या डोक्याकडे बघत राहिले. नेहमी बापाच्या पुढे उतरणारी, एवढीशी पोर. तळाशी साचलेला वायू तिलाच आधी गाठणार होता.

त्यांनी लिलूला उचलून घट्ट धरलं आणि सगळ्या तोडणीवाल्यांना हाका मारल्या. "अरे, या रे सगळे! या पोरीने आमचा जीव वाचवला!" टाळ्या वाजल्या, कुणी नोएमीच्या पाठीवर थाप मारली. प्रत्येक थाप तिला चाबकासारखी लागत होती.

"नाही!" ती किंचाळली. "झरोका मीच बुजवला! त्या गोणपाटाने. गांधीलमाश्यांना घाबरून. आणि मामा, पेटी गाडीतच आहे. मी खोटं बोलले."

काकांनी जाऊन गोणपाट उपसलं. मग पलीकडच्या भिंतीशी गेले आणि तिथे रचलेल्या पेट्या एकेक करून हलवू लागले. मागे दुसरा झरोका होता.

"हा मी बुजवलाय," ते हळूच म्हणाले. "पंधरवडा झाला. आता तुला कुठल्या तोंडाने रागावू? पण पोरी, तू परत आलीस. भलेभले पुढच्या गावाला निघून जातात."

"मला खरं सांगितलं असतंस, तरी मी गाडी वळवली असती, वेडे," मामा म्हणाला आणि त्याने तिचं डोकं छातीशी धरलं. "याहून जोरात पळवली असती."

आता मात्र नोएमीला हुंदका आवरेना. लिलू बापाच्या कडेवरून घसरून खाली आली आणि तिच्या फ्रॉकला धरून म्हणाली,

"ताई, रडू नको ना. मी नाही गेले खाली!"